सहाशे बारावा कागद

१

सोमवारी दुपारी ऑस्वाल्ड मिस्किटांच्या घरी मोजणी संपली आणि एक कागद जास्त भरला.

कमी भरला असता तर कुणाला फारसं नवल वाटलं नसतं. जुने कागद हरवतात, फाटतात, उंदीर नेतात. पण ऑस्वाल्डनी साठ वर्षं जमवलेला संग्रह तीन महिने खपून नोंदवला गेला होता. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने आकडा घातला होता आणि यादी सहाशे अकरावर थांबली होती. आता पेटीत सहाशे बारा कागद होते, आणि एकावर आकडाच नव्हता.

संग्रह होता सुरावटींच्या छापील कागदांचा. रेडिओ घरोघरी पोचण्याआधी लोकांना एखादी चाल आवडली की ते दुकानातून तिचा कागद आणत आणि घरच्या पियानोवर वाजवत. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टू-स्टेप अशा नाचाच्या चाली, लग्नातले मार्च, सगळं असं छापून विकलं जाई. गिरगाव आणि धोबीतलावच्या छापखान्यांतून निघालेले असे कागद ऑस्वाल्डनी रद्दीवाल्यांकडून, मेलेल्या बँडवाल्यांच्या ट्रंकांतून, चर्चच्या माळ्यांवरून गोळा केले होते. गोदीतली कारकुनी करून उरलेला सगळा वेळ त्यात गेला. लग्न राहून गेलं. आता ब्याऐंशीव्या वर्षी ते हा संग्रह दादरच्या एका संग्रहालयाला देत होते. एकच अट होती: दालनाला वडिलांचं नाव द्यायचं. बोनी मिस्किटा, ‘परळ टू-स्टेप’चे संगीतकार.

ही चाल मुंबईतल्या ख्रिस्ती लग्नांत आजही वाजते. नवरानवरी हॉलमध्ये शिरली की बँड तीच उचलतो. संग्रहात तिचा कागद होता, क्रमांक दोनशे चार, छपाई १९४१ची, वर ठळक नाव बोनी मिस्किटांचं.

जास्तीचा कागदही ‘परळ टू-स्टेप’चाच होता. पण छपाई १९३८ची, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: ‘संगीत: के. सावंत, कॉर्नेट. पियानोसाठी मांडणी: बी. मिस्किटा.’

ऑस्वाल्डनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हा कागद माझा नाही. हा कोणीतरी माझ्या घरात आणून ठेवलाय.”

२

संग्रहालयाचे व्यवस्थापक हितेंद्र राऊत यांनी त्याच संध्याकाळी इरावती केणींना फोन लावला.

इरावतीबाईंचं भायखळ्याला एका बंद पडलेल्या छापखान्याच्या पोटमाळ्यावर कागद दुरुस्तीचं काम चाले. जुनी खरेदीखतं, पोथ्या, वहिवाटीचे नकाशे, जे चुरा व्हायच्या बेतात असेल ते त्यांच्याकडे येई. कागद खरा की बनावट हे विचारायला वकीलही येत. त्या कमी बोलत. कागदावर काय लिहिलंय यात त्यांना रस नसे, कागदाचं काय झालंय यात असे.

“मॅडम, एक जरी बनावट निघाला ना, तर सगळा संग्रह संशयात येतो,” हितेंद्र म्हणाले. “शुक्रवारी विश्वस्तांची सही आहे. मला हो किंवा नाही हवंय.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“बनावट. सरळ आहे. एकशे अठरा आणि एकशे एकोणीस यांच्यामध्ये सापडला. ते दोन्ही कागद स्वच्छ, आणि ह्याला मात्र कसर लागल्याची भोकं. शेजाऱ्यांना सोडून किडा ह्यालाच कसा खाईल? कोणीतरी सुईने टोचून जुना दाखवलाय. आणि तीन महिने कागद हाताळलेत एकट्या वैभवने. नोंदणीसाठी आम्हीच ठेवलेला मुलगा. पण गंमत बघा, शेवटची मोजणी करायचं माझ्या मनातही नव्हतं. त्यानेच आग्रह धरला.”

मंगळवारी सकाळी इरावतीबाई गिरगावात पोचल्या. ठाकूरद्वारच्या मागच्या आळीतलं ते लाकडी जिन्याचं घर. ऑस्वाल्ड आरामखुर्चीत बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांची पुतणी ॲन्टोनेट कॉफी घेऊन आली. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, काकांचं सगळं तीच पाहायची.

“अंकल, तुमच्या वडिलांबरोबर कोणी सावंत कॉर्नेट, ते छोटं ट्रम्पेट, वाजवायचे?” इरावतीबाईंनी विचारलं.

“पपांच्या बँडमध्ये बारा-चौदा जण असायचे. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मला काय माहीत?” ऑस्वाल्ड म्हणाले. मग जरा थांबून, “बाई, पपांनी दुसऱ्याची चाल चोरली असं तो कागद म्हणतो. मी दालनाला चोराचं नाव देऊ?”

ॲन्टोनेट त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. तिथे आवाज खाली आणून म्हणाली, “खरं सांगू? तो आधी माझ्या हाती लागला असता ना, तर चुलीत घातला असता. खरा असो की खोटा. अंकलना ह्या वयात हे कशाला?”

“कागद नोंदवताना तुम्ही असायचात?”

“पहिल्या दिवशी होते. ग्रँडपपांनी स्वतः बांधलेला एक गठ्ठा होता. त्रेपन्न साली बांधलेला, वर तारीखसुद्धा. अंकलनी तो जन्मात सोडला नव्हता. पपांनी मारलेली गाठ मी का सोडू, म्हणायचे. जानेवारीत सगळ्यांसमोर त्यांनी ती कापली आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून आत गेले. गठ्ठा रात्रभर टेबलावरच होता. आकडे दुसऱ्या दिवशी घातले वैभवने.”

“त्या संध्याकाळी शेवटी कोण गेलं?”

“वैभव. पसारा आवरून गेला.” तिने इरावतीबाईंकडे पाहिलं. “पण मुलगा चांगला आहे हो.”

३

वैभव परब संग्रहालयाच्या तळघरात बसला होता. एकोणतीस वर्षांचा, लालबागचा, ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम केलेला. हितेंद्रनी त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या होत्या आणि नुसतं बसवून ठेवलं होतं.

“ताई, चोर वस्तू नेतो. आणून ठेवतो का कधी?” त्याने पहिल्याच दमात विचारलं.

“बनावट करणारा आणून ठेवतो.”

“मला जमेल का तसं? तो जुना ठसा, ती शाई? मी साधा यादी करणारा माणूस.” त्याने मान खाली घातली. “पण खोटाच असणार म्हणून सगळ्यांनी आधीच ठरवलंय. बोनी मिस्किटांना पुतळा उभारतील, कुशाबा सावंताला कोण विचारतंय? मिलमधला माणूस.”

“मिलमधला होता हे कशावरून?”

“अं? परळ म्हटलं की मिलच ना, ताई.”

इरावतीबाईंनी आणखी काही विचारलं नाही. तो जास्तीचा कागद आणि त्या जुन्या गठ्ठ्यातले सव्वीस कागद, क्रमांक तीनशे एक्केचाळीस ते तीनशे सहासष्ट, सही करून ताब्यात घेतले आणि भायखळ्याला गेल्या. टॅक्सीत बसल्यावर पाकीट उघडून त्यांनी कागदावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. तिथे फक्त ‘के. सावंत’ होतं. ‘कुशाबा’ कुठेच नव्हतं.

४

कसर म्हणजे कागद खाणारा बारीक किडा. तो गठ्ठ्यात शिरला की एकाच कागदावर थांबत नाही, आरपार जातो, आणि तेही नाकासमोर नाही. थोडा डावीकडे, थोडा वर, असा वाट काढत जातो. त्यामुळे एका कागदावरचं भोक आणि पुढच्या कागदावरचं भोक यांच्यात केसभराचं अंतर पडतं. गठ्ठा नीट लावला की त्याच्या बोगद्याचा माग काढता येतो.

इरावतीबाईंनी गठ्ठ्यातले सव्वीस कागद काचेवर ओळीने मांडले. खालून दिवा लावला. तीनशे एक्केचाळीसपासून भोक केसकेस सरकत चाललं होतं. तीनशे बावन्नपर्यंत ठीक होतं. तीनशे त्रेपन्नवर मात्र ते एकदम दुप्पट सरकलं, जणू किड्याने मधला एक कागद उडी मारून ओलांडला होता.

त्यांनी तो बेआकड्याचा कागद मध्ये ठेवला.

बोगदा जुळला. वरच्या समासात आणखी एक खूण होती. तीनशे बावन्नच्या पाठीवर किड्याने नुसतं खरवडलं होतं, मधल्या कागदाला चंद्रकोरीएवढं भोक पाडलं होतं आणि तीनशे त्रेपन्नच्या तोंडावर पुन्हा नुसतं खरवडून तो थांबला होता. तिन्ही खुणा एकमेकींवर चपखल बसल्या. असली खूण सुईने होत नाही आणि घाईने तर नाहीच. तिला वर्षं लागतात.

म्हणजे कागद खरा. नुसता खराच नव्हे, तो बोनी मिस्किटांनी स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यात जवळजवळ सत्तर वर्षं पडून होता. कुणीही तो बाहेरून आणला नव्हता. गाठ कापल्यानंतर आणि आकडे पडण्याआधी, त्या एका संध्याकाळी तो गठ्ठ्यातून काढला गेला. पुढे कधीतरी परत आला, पण चुकीच्या जागी.

कोणी काढला असेल? लपवायचं कारण होतं ते काका-पुतणीला. पण ॲन्टोनेटने तो जाळला असता, तसं तिने तोंडानेच सांगितलं होतं. ऑस्वाल्डनी जाळला नसता, त्यांच्याने कागद जाळवला नसता, पण परत आणून स्वतःच्याच वडिलांवर बोट दाखवायला ठेवलाही नसता.

इरावतीबाईंनी विचार बाजूला ठेवला आणि नेहमीचं काम सुरू केलं. जुन्या कागदात आंबटपणा साठतो. तो मारायला त्या चुन्याची निवळी वापरत. आधी कोपऱ्यावर थेंब लावून पाहायचा, हा नियम. त्यांनी कापसाचा बोळा बुडवून वरच्या उजव्या कोपऱ्याला टेकवला.

पिवळट कागदावर बोटाच्या टोकाएवढा एक गोल उमटला. आधी नारिंगी, मग कुंकवासारखा लाल.

५

बुधवारी त्यांनी वैभवला भायखळ्याला बोलावून घेतलं. तो लाल गोल त्याच्यासमोर ठेवला.

“हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच करतात,” त्या म्हणाल्या. “जुन्या पिवळ्या कागदावर हळद डोळ्यांना दिसली नाही, चुन्याला दिसली. वरच्या कोपऱ्यात, अनामिकेने लावलेली. नवीन पत्रिकेला लावतात तशी.”

“ती जुनी असेल. छापली तेव्हाची.”

“गठ्ठ्यात असताना हळद लागलेली असती, तर इतक्या वर्षांच्या दाबाने शेजारच्या कागदालाही लागली असती. दोन्ही शेजारी मी तपासले. स्वच्छ आहेत. हळद लागली ती गाठ सुटल्यानंतर. मिस्किटांच्या घरात कागदाला कोणी हळद लावणार नाही. आणि कागदावर नाव ‘के. सावंत’ आहे, वैभव. कुशाबा तू म्हणालास.”

वैभवने तो लाल गोल जवळ ओढून पाहिला. खाली रस्त्यावर भाजीचा टेम्पो मागे घेत कोणी “येऊ दे, येऊ दे” ओरडत होतं.

“माझे पणजोबा,” तो शेवटी म्हणाला. “आजीचे वडील. ही चाल त्यांची, हे घरात लहानपणापासून ऐकत आलो. बाबा म्हणायचे, मिस्किटाने चोरली. आम्ही हसायचो. सगळ्यांच्याच घरात असं काहीतरी असतं ना? आणि त्या संध्याकाळी पसारा आवरताना कागद समोर. नाव छापलेलं. ताई, आजी त्र्याण्णव वर्षांची आहे. म्हटलं, तिला एकदा दाखवू, उद्या परत ठेवू.”

“मग ठेवला का नाहीस?”

“तिने हळद लावली, देवाजवळ ठेवला. सोडेचना. इकडे आकडे घालून झाले, यादी बंद झाली. मग लक्षात आलं, आमच्या घरात असलेला कागद कोण खरा मानणार? मिस्किटांच्या पेटीत सापडला तरच त्याला किंमत. म्हणून मागल्या आठवड्यात परत नेला. जागा आठवेना, मिळेल तिथे सरकवला आणि मोजणीचा आग्रह धरला. आणि तोच खोटा ठरला.” त्याने वर पाहिलं. “ताई, भोकांचं सांगा ना फक्त. कागद खरा आहे एवढंच. हळदीचं कशाला?”

इरावतीबाईंनी दिवा बंद केला. पोराची दया त्यांना आली नव्हती असं नाही.

“कागद सत्तर वर्षं गठ्ठ्यात होता म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच, मग काढला कोणी? तू गप्प राहिलास तर बोट ॲन्टोनेटकडे जाईल. उद्या चार वाजता मी गिरगावात सगळं सांगणार आहे. त्याआधी तू आलास तर तू सांग.”

६

गुरुवारी वैभव साडेतीनलाच आला. इरावतीबाईंना बोलावं लागलं ते फक्त बोगद्याबद्दल. बाकीचं त्याने उभ्याने सांगितलं, काही न वगळता.

हितेंद्रनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुला ठेवता येणार नाही रे. समजतंय ना?”

“हो, सर.”

ऑस्वाल्ड मात्र तीनशे बावन्न आणि त्रेपन्नच्या मधल्या कागदाकडेच पाहत होते. कागद खरा निघाला म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पपांना माहीत होतं. पपांनी आधी नाव छापलं, मग काढलं, आणि पुरावा दोरीने बांधून ठेवला. आणि मुलाने त्या गाठीला साठ वर्षं मान दिला.

“दालनाला नाव द्यायचं नाही,” ते म्हणाले.

“अंकल!” ॲन्टोनेट म्हणाली.

“नाही द्यायचं. हितेंद्र, संग्रह घ्या. नाव नको.” मग वैभवकडे वळून म्हणाले, “तुझी आजी पाहुण्यांना भेटते का रे?”

७

शनिवारी ऑस्वाल्ड, ॲन्टोनेट, इरावतीबाई आणि वैभव अशी चौघं लालबागला गेली. वैभवची आजी शांताबाई ज्या चाळीत वाढल्या तिच्या जागी आता बावीस मजली इमारत होती. चाळकऱ्यांना मिळालेल्या घरांतलं सतराव्या मजल्यावरचं एक परबांचं. शांताबाई खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. ऐकू नीट येत होतं, दिसत कमी होतं.

ऑस्वाल्डनी कोट घातला होता. काय बोलायचं ते त्यांनी मराठीत लिहून आणलं होतं. कागद उलगडून ते वाचू लागले, “बाय, माझ्या वडिलांनी तुमच्या वडिलांच्या नावावर अन्याय…”

“बोनीसायबान काय एक करूक नाय,” शांताबाई मध्येच म्हणाल्या. “नाव माज्या बापाशीन काढूक सांगल्यान.”

वैभव चमकला. “आजी, बाबा तर म्हणायचे…”

“तुझ्या बापसाक काय म्हायती? तो तेवा जन्माक तरी इल्लो?”

मग त्यांनी सांगितलं. कुशाबा दिवसा मिलमध्ये आणि संध्याकाळी चोरून बोनीच्या बँडमध्ये. बाहेर काम करणाऱ्याला मिलमधून काढून टाकत. कुणीतरी तो छापील कागद दुकानात पाहिला आणि मिलच्या साहेबाला नेऊन दाखवला. साहेबाने दम दिला, पुन्हा नाव दिसलं तर गेटबाहेर. त्याच संध्याकाळी कुशाबा नऊ वर्षांच्या शांताला हाताला धरून गिरगावात गेले. बोनी ऐकेनात. नाव नसेल तर ही गत, ही चाल, छापणारच नाही म्हणाले. अर्धा तास दोघं भांडले.

“बाबा म्हणाले, छाप तू. गत वाजांदेत. माझी नोकरी रवांदेत.”

ऑस्वाल्डनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. ॲन्टोनेट भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. इरावतीबाईंना वाटलं, आता उठावं, काम झालं. पण शांताबाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

“चूक असली तर माजी,” त्या म्हणाल्या. “अडुसष्ट साली बाबा गेले. जाताना माका म्हणाले, आता मिलची भीती नाय. बोनीक जावन सांग, नाव परत घाल. तेरावां झाला आणि मी गेलंय. एकटीच. तुमच्या दारापर्यंत गेलंय.”

“आमच्या दारापर्यंत?” ऑस्वाल्ड पुढे झुकले. “मग?”

“आत कोणतरी व्हायोलिन वाजवी होतो. बाबांचीच गत. मी पायरेर बसलंय. सगळी आयकलंय. संपली, ती परत सुरू झाली, परत आयकलंय. मगे फिरान घराक इलंय.”

“पपांचे हात तेव्हा चालत नव्हते,” ऑस्वाल्ड सावकाश म्हणाले. “तो मी असणार. घरात मीच वाजवायचो. तुम्ही दार वाजवलं असतंत, तर मी उघडलं असतं, बाय.”

“तां म्हायत होतां माका,” शांताबाई म्हणाल्या. “पण मगे गत थांबली असती मां.”